हलक्या कानाचे शास्त्र

डीजेच्या हेडफोनची निवड हा विषय ध्वनिशास्त्राच्या ग्रंथांत कोठेतरी यावयास हवा होता; परंतु त्या ग्रंथांत कानाचा विचार जितका सांगोपांग झालेला आढळतो तितका मानेचा, घामाचा आणि चष्म्याच्या काडीचा झालेला आढळत नाही, आणि हेडफोन विकत घेणाऱ्याची फसगत तर बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी होते. साधा मनुष्य हेडफोन लावतो तो चालू असलेले गाणे ऐकण्यासाठी. डीजे तो लावतो पुढचे गाणे ऐकण्यासाठी, जे त्या घटकेला इतर कोणालाही ऐकू येता कामा नये. या चोरून ऐकण्याला व्यवसायात ‘क्यू’ म्हणतात: मिक्सरवर, म्हणजे दोन किंवा अधिक गाण्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, एक बटण दाबले की येऊ घातलेले गाणे फक्त हेडफोनमध्ये वाजू लागते, आणि त्याचा ठेका चालू गाण्याच्या ठेक्याशी जुळेपर्यंत डीजे एका कानाने भविष्यकाळात आणि दुसऱ्या कानाने वर्तमानकाळात वावरत असतो. महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटले की टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंतच डोळ्यांपुढे येते, सातारा-कोल्हापूरकडे तर तिलाच ‘डॉल्बी’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या भिंतीमागे एखादा हाडामांसाचा मनुष्य दोन कान घेऊन उभा असतो, याचे भान वरातीत कोणालाच राहत नाही.

या यंत्राच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की ते जन्मापासूनच डोक्याला ताप होऊन राहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेलिफोन ऑपरेटर एककानी यंत्राचा काही किलोंचा भार खांद्यावर वाहत असत. पुढे 1910 च्या सुमारास युटा राज्यातील नॅथॅनिअल बाल्डविन या गृहस्थाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कानांचा हेडफोन तयार करून तो अमेरिकी नौदलाकडे धाडला. नौदलाने मोठी मागणी नोंदवली, तेव्हा एका वेळी दहाच नग होऊ शकतील असे त्याला कळवावे लागले, कारण कारखाना म्हणजे ते स्वयंपाकघरच होते. डोक्यावरची पट्टी बोचते म्हणून त्याने पुढे तिच्या जागी चामड्याने मढवलेल्या, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या तारा बसवल्या. म्हणजे हेडफोन टोचण्याची कुरबुर हेडफोनइतकीच जुनी आहे, आणि ती ऐकून घेणारा कारागीर मिळणे हा मात्र तेव्हापासूनच योगायोगाचा भाग आहे.

डीजेच्या हाती हे यंत्र आले ते 1970 च्या आगेमागे. न्यू यॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘सँक्चुअरी’ नावाचा नाचघर-क्लब चालत असे. तेथे फ्रान्सिस ग्रासो हा डीजे हेडफोनमध्ये पुढची तबकडी आधी ऐकून, तिचा ठोका जुळवून, मग ती लोकांना ऐकवी. काही वर्षांनी ब्रॉन्क्स भागात ग्रँडमास्टर फ्लॅशने, स्वतः इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला असल्यामुळे, साधे दोन बाजूंना पडणारे बटण मिक्सरला जोडून हीच सोय स्वतःपुरती घडवली. त्या काळातील पुष्कळ डीजे काठीला बसवलेला एकच इअरकप, म्हणजे कानावर बसणारी वाटी, खांदा आणि कान यांच्या बेचक्यात धरून वाजवीत. त्यामुळे डोके मोकळे राही, मान मात्र वाकडी होई. आरामाच्या इतिहासात असे बहुतेक वेळा घडते की दुखणे बरे होत नाही, ते फक्त जागा बदलते.

आता वजनाकडे वळावे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हेडफोन मागितला असता विक्रेता तो प्रथम कानाला लावायला सांगत नाही, तो ग्राहकाच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, “हातात घेऊन बघा साहेब, मालाला वजन आहे.” सोने आणि पितळ पिढ्यान्‌पिढ्या तोलून घेतलेल्या समाजाला हा युक्तिवाद चटकन पटतो, आणि ही वस्तू हातात धरायची नसून डोक्यावर चार तास वागवायची आहे, ही शंका पैसे दिल्यावर येते. हा भ्रम केवळ आपल्याकडचाच आहे असे मानण्याचेही कारण नाही. 2015 मध्ये एका अमेरिकी अभियंत्याने एका नावाजलेल्या हेडफोनची चिरफाड करून असे दाखवले की त्याच्या वजनाचा बराचसा भाग, हातात घेतल्यावर तो भारदस्त वाटावा एवढ्यासाठीच घातलेल्या धातूच्या तुकड्यांचा आहे. पुढे निष्पन्न झाले ते असे की चिरफाड झालेला नगच नकली होता. नकली माल करणाऱ्यालाही वजनाचे महत्त्व कळलेले असावे, हे या प्रकरणाचे तात्पर्य कोणी काढले नाही, याचे नवल वाटते.

आकड्यांत सांगायचे तर जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी 25 हा 1988 साली आलेला आणि पुढे डीजेंच्या गळ्यात कायमचा पडलेला हेडफोन वायर वगळता सुमारे 140 ग्रॅमचा आहे, पायोनिअर डीजेचा एचडीजे-सीएक्स साधारण तेवढाच, आणि स्टुडिओत व डीजेंकडे सारखाच दिसणारा ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स सुमारे 285 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कागदावर हा निकाल एकतर्फी दिसतो. तथापि डोके हे तराजूचे पारडे नव्हे. डोक्याला जाणवतो तो भार दोन प्रकारचा असतो: एक पट्टीने टाळूवर टाकलेला, आणि दुसरा दोन्ही बाजूंनी कानशिले आवळणाऱ्या पकडीचा, यांपैकी पहिला खोक्यावर ग्रॅममध्ये छापलेला असतो आणि दुसरा कोठेही छापलेला नसतो. त्यातही मेख अशी की हलका हेडफोन सहसा कानाच्या पाळीवरच टेकणारा असतो, म्हणून बाहेरचा आवाज अडवण्यासाठी त्याला घट्ट धरावेच लागते. उलट जड हेडफोनची मोठी वाटी अख्ख्या कानाला वेढून बसते, त्यामुळे तिला कमी दाबातही भागवता येते. परिणामी 140 ग्रॅमचा हेडफोन पहिल्या अर्ध्या तासात पिसासारखा वाटतो आणि दुसऱ्या तासात जुन्या पद्धतीच्या मास्तरांनी दोन्ही कान एकदम धरल्यासारखा वाटू लागतो.

चष्मा लावणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि हेडफोनची चित्रे काढणाऱ्या कंपन्यांच्या जगात चष्मा लावणारा डीजे जवळजवळ अस्तित्वातच नसतो. चष्म्याची काडी कवटी आणि कुशन यांच्यामध्ये सापडली म्हणजे ती एकाच वेळी दोन कामे करते: कानामागच्या हाडावर खोबण पाडते आणि कुशनला फट पाडून त्यातून बाहेरचा ढणढणाट आत सोडते. आवाज आत येतो म्हणून डीजे हेडफोनचा आवाज वाढवतो, आणि येथे आरामाचा प्रश्न आरोग्याच्या प्रश्नात उतरतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सहन करण्यास हरकत नाही, परंतु त्यात 3 डेसिबलची भर पडली की मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला 15 मिनिटे मिळतात, जेवढ्या वेळात हळदीच्या कार्यक्रमात नवरीचे काका अद्याप ‘टेस्टिंग, टेस्टिंग’पाशीच असतात. म्हणून घट्ट पकड ही केवळ छळ नव्हे, ती कानाची राखणही आहे. नवी पकड असह्य झाल्यास हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवण्याची रीत आहे. मराठी विश्वकोशाचे खंड या कामी रुंदीने अगदी योग्य पडतात, आणि पुष्कळ घरांतून त्यांच्याकडे दुसरे काम उरलेलेही नाही.

परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व चर्चेत एक मूलभूत गोष्ट निसटते, ती अशी की डीजे हेडफोन घालत नाही, तो अर्धा घालतो. संध्याकाळभराचे निरीक्षण केल्यास हे यंत्र दोन्ही कानांवर फार थोडा वेळ असते. एरवी ते गळ्यात लोंबते, किंवा त्याची एक वाटी कानावर आणि दुसरी कानामागे सरकवलेली असते, किंवा मान कलती करून ते खांद्याने दाबून धरलेले असते, आणि यांतील प्रत्येक अवस्थेतून दुसरीत जाण्याची क्रिया अंधारात, एका हाताने, दुसरा हात गाण्याचा वेग सावरीत असताना करावी लागते. ज्याची वाटी वळत नाही तो हेडफोन कितीही मऊ असला तरी या कामी जड आहे, आणि ज्याची वाटी बोटाच्या टोकाने मागे फिरते व पट्टी दोन भागांत फाकून डोक्यावर हवी तशी बसते तो, थोडा टोचला तरी, हलका आहे. एचडी 25 चे गारूड याच दोन सोयींत आहे. शिवाय त्याचा वायरपासून कुशनपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. डोक्यावर बसण्याच्या सुखापेक्षा डोक्यावरून उतरण्याची सुलभता ही कसोटी मानली, तर दुकानातले निम्मे हेडफोन पहिल्या फेरीतच बाद होतात.

घामाविषयी स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल. बहुतेक कुशनांवर चढवलेले कातडे हे कातडे नसून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, आणि दमट हवा व घाम लागून त्याचे रासायनिक विघटन होऊ लागले की त्याला आधी केसासारख्या बारीक भेगा पडतात, मग त्याच्या काळ्या पापुद्र्या सुटू लागतात आणि त्या नेमक्या ओल्या गालावर, कानाच्या वळ्यांत आणि पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर चिकटतात. मे महिन्यातल्या अलिबागच्या लग्नात डीजेच्या कानाभोवती दिसणारी काजळी दृष्ट लागू नये म्हणून लावलेली आहे, असा समज पाहुण्यांचा होऊ शकतो. मखमली कुशन या व्याधीपासून मुक्त असते, पण ते घाम पिऊन ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला तो आठवणीने परत करते. त्यात यजमानांनी हौसेने डीजेलाही फेटा बांधला, तर पट्टी फेट्याच्या वर घ्यावी की खाली हा पेच उद्भवतो: वर घेतल्यास वाट्या कानांपर्यंत पोचत नाहीत, आणि खाली घेतल्यास हेडफोन काढण्यासाठी फेटा बांधणाऱ्याला परत बोलवावे लागते. उपाय म्हणून काही जण पट्टी हनुवटीखालून घेतात. ते दृश्य दाढदुखीचे असले तरी क्यू व्यवस्थित ऐकू येतो.

“एवढी वायर कशाला, ब्लूटूथ नाही का?” हा प्रश्न विचारणाऱ्याला अंकगणिताने उत्तर देता येते. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये सुमारे 469 मिलिसेकंदांचे अंतर असते. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला 150 ते 200 मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे डीजेला ठोका ऐकू येतो तेव्हा पुढच्या ठोक्याचा एक तृतीयांश ते दोन पंचमांश रस्ता सरलेला असतो, आणि त्या भरवशावर जुळवलेली दोन गाणी मांडवात एकमेकांच्या पायांवर पाय देत नाचतात. हवेतून येणारा आवाजसुद्धा दर मीटरला सुमारे 3 मिलिसेकंद घेतो, म्हणूनच डीजेशेजारी एक छोटा स्पीकर ठेवण्याची पद्धत आहे. वेगळा ट्रान्समीटर लावून हा विलंब पुष्कळ कमी करणारे बिनतारी हेडफोन आता मिळतात, परंतु त्यात बॅटरीचे वजन आणि ती चार्ज केली होती की नाही याची चिंता वाढते, आणि यांपैकी दुसरी वस्तू अधिक जड असते. गुंडाळीची वायर ताणली की लांबते हे खरे असले, तरी तिचा भार एकाच वाटीला खाली ओढत राहतो. सरळ वायर पाठीमागून सोडणे बरे.

हेडफोनशिवाय चालतच नाही असेही नाही. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर जे ट्रान्स संगीत वाढले, तेथील डीजे उन्हाने वाकणाऱ्या तबकड्यांऐवजी डॅट, म्हणजे डिजिटल फितीच्या छोट्या कॅसेटी, वापरीत. त्यांचा वेग बदलता येत नसल्यामुळे ठोका जुळवण्याची भानगडच नसे, आणि गाण्याच्या शांत प्रारंभ-शेवटांचे सांधे जोडून रात्र पहाटेपर्यंत नेली जाई. मात्र ज्या समारंभात लेझीमच्या ठेक्यानंतर कोळीगीत आणि त्यानंतर पंजाबी गाणे तीन मिनिटांच्या आत लागले नाही तर वऱ्हाड खुर्च्यांवर जाऊन बसते, तेथे हा धीर परवडणारा नाही.

जड हेडफोनच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात येत नाही. फर्माईश घेऊन येणारा मनुष्य मोबाइलवर गाण्याचे नाव लावून तो डीजेच्या नाकासमोर धरतो, आणि त्या क्षणी डीजेचा एकमेव आधार म्हणजे आपल्याला काहीही ऐकू येत नाही असे दर्शवणे हा असतो. अख्खा कान गिळणारी मोठी वाटी हे बहिरेपण लांबूनच जाहीर करते. अर्ध्या कानावर टेकलेली लहान वाटी मात्र पाहणाऱ्याला आशेस जागा ठेवते. तरीही निवड लहान वाटीचीच करावी, कारण मोठ्या वाटीचाही इलाज सामान्य पाहुण्यापुरताच चालतो. नवरदेवाचे मामा वाट पाहत नाहीत. ते सरळ हात घालून डीजेच्या कानावरची वाटी स्वतःच दूर करतात, आणि अशा वेळी ती बोटाच्या टोकाने फिरणारी असली म्हणजे निदान चष्मा वाचतो.