ब्लोअरसाहेब, पाहुणे गेले की आपणही जाता?

मा. ब्लोअरसाहेब,
सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ओढ्याकाठ, यांस



गेल्या गुरुवारी सकाळी आपला आवाज आला आणि आमच्या आळीत धांदल उडाली. कुणाला वाटलं, बोअर मारायची गाडी आली. म्हातारे मात्र बरोबर बोलले, "तपासणी असणार." तसंच झालं. अकराला दोन गाड्या आल्या, टाकीत बुडबुडे उठले, फोटो निघाले, चहा-पोहे झाले, नमुन्याच्या बाटल्या भरल्या. सव्वाला गाड्या वळल्या आणि दीडला आपण गप्प. संध्याकाळी ओढ्याला नेहमीचा काळा फेस.

साहेब, एवढं आदरातिथ्य आमच्याकडे जावयाचंही होत नाही.

आपलं काम तसं एकच, टाकीत हवा सोडायची. मैला खाणारे जिवाणू त्या हवेवर जगतात. ती तासन्‌तास बंद राहिली की ते गुदमरतात आणि बिनहवेचे दुसरे जिवाणू कुजक्या अंड्याचा वास सोडू लागतात. मेलेली वस्ती पुन्हा उभी राहायला आठवडे लागतात. अडीच तासांच्या आपल्या दर्शनाने ती उठून बसत नाही. तिथल्या ऑपरेटर पोराने मला एकदा टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून दाखवलं. केंद्र नीट चालत असेल तर अर्ध्या तासात तपकिरी गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं आणि वास येतो ओल्या मातीचा. आमचं पात्र अर्ध्या तासानेही वरपासून खालपर्यंत काळंशार. लॉगबुकात मात्र आपण चोवीस तास चालता. महिनाभराच्या नोंदी, एकच पेन, एकच बैठक.

बाकीच्या तक्रारी आपल्या खात्यातल्या नाहीत, म्हणून उरकतो. निम्म्या घरांचं गटार आपल्यापर्यंत पोचतच नाही. सेप्टिक टँक उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वाई आणि सिन्नरने घरोघरच्या टाक्या ठरलेल्या पाळीने उपसायला घेतल्या. आमच्याकडे मैला अंगणात आल्यावर फोनाफोनी सुरू होते.

पण ओढ्याखालच्या मळ्यात माणसं राहतात हो! त्यांच्या विहिरीला वास मारतो. बाया लांबच्या हापशावर रांग लावतात आणि इकडे आम्ही "प्रक्रिया केलेले पाणी" असा बोर्ड रंगवून बसलोय. लाज वाटायला हवी. शहरात दिलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के गटारात येतं, हे गृहीत धरूनच अशी केंद्रं आखतात. लिटरांचा हिशेब जमला, मग विजेचं बिल कोण भरणार एवढंच तेवढं विचारायचं राहिलं?

आणि आपल्यावर तरी किती चिडायचं! आपल्याला बसवायला अनुदान आलं, कोनशिलेवर नावं आली. चालवायचा खर्च मात्र नगरपंचायतीच्या गळ्यात. पट्टी वाढवली की मतं जातात, म्हणून बिल थकतं, म्हणून आपलं बटण बंद. त्या पोराचा पगार ठेकेदाराकडे अडकलेला, आणि ओढ्याकाठच्या शिव्या खायला पुन्हा तोच. गुरुवारी आपलं बेअरिंग असं करकरत होतं की मला आपली कीवच आली. धूळ खात पडायचं आणि साहेब आले की धापा टाकत धावायचं, ही काय नोकरी झाली?

तेव्हा हे पत्र आपल्या नावे असलं तरी नगरसेवकांनीही वाचावं. येत्या सर्वसाधारण सभेत केंद्राच्या वीजबिलाची वेगळी तरतूद करा, पट्टी वाढवावी लागली तर वाढवा, आम्ही भरू. आणि केंद्राच्या मीटरचं रीडिंग दर महिन्याला कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहा. लॉगबुक कुणालाही भरता येतं. मीटर फिरायला मात्र ब्लोअरसाहेबांनाच चालावं लागेल.

कळावे,
ओढ्याकाठचा एक घरपट्टीदार