अलॉयराव

गाडी घेऊन वर्ष होत आलं, पहिल्या ओरखड्याचं दुःख ओसरलं, की एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीची चाकं डोळ्यांत भरतात. अलॉयराव जन्माला येतात ते तिथे. तोवर ते हिंजवडीला नोकरी करणारे, हप्ते वेळेवर भरणारे, चारचौघांतले गृहस्थ असतात. गाडी स्विफ्ट, २०१८ साली आलेल्या पिढीतली, व्हीएक्सआय: १४ इंची लोखंडी रिम, वर प्लॅस्टिकची व्हीलकॅप, १६५/८० चा टायर. शेजाऱ्याची गाडी तीच, रंगही तोच, पण झेडएक्सआय. तिला कंपनीनेच १५ इंची अलॉय दिलेले. ‘चाकांसाठी वरचं मॉडेल कोण घेतं? ती काय, नंतरही टाकता येतात’ हे गाडी बुक करतानाचं वाक्य अलॉयरावांचंच. घरात ते अजून कुणी विसरलेलं नाही.

मग अभ्यास सुरू होतो. काल ज्यांना स्टेपनी काढायचा पाना कुठे असतो हे शोधावं लागत होतं, ते आज पीसीडीवर बोलतात. चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्टचा ४ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट. पोलोचा ५ बाय १००, क्रेटाचा ५ बाय ११४.३. हा ११४.३ चा चमत्कारिक आकडा आला कुठून, असं अलॉयराव लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सांगूनही टाकतात: साडेचार इंचांचे मिलिमीटर करा, तेवढेच होतात. शेजारचा तोवर मठ्ठ्याच्या वाटीत शिरलेला असतो.

पीसीडी संपला की ऑफसेट. चाक हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर आत किंवा बाहेर आहे, याचा हा हिशोब. तो कमी झाला की चाक बाहेर येतं, पावसाळ्यात चिखल थेट दारांवर उडतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. जास्त झाला की टायर आतून शॉकॲब्सॉर्बरला घासायला बघतो. अलॉयराव हे सगळं बायकोला डायनिंग टेबलावर दोन ताटल्या आणि एक वाटी मांडून समजावतात.

“अरे, पण गाडी चालतीये ना?” ती विचारते.

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नसतं.

वडिलांचा विरोध वेगळ्या जातीचा. त्यांनी उमेदीची वर्षं फियाटवर काढलेली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, पण घरात तिला फियाटच म्हणायचे. जगातल्या यच्चयावत अलॉयला ते ‘मॅगव्हील’ म्हणतात. “आमची रिम खड्ड्यात वाकली तर गॅरेजवाला हातोडा मारून सरळ करून द्यायचा. तुझं मॅगव्हील वाकलं तर काय करणार?” अलॉयराव म्हणतात, “बाबा, ॲल्युमिनियम हलकं असतं, गाडी हलकी पळते.” अर्धं खरं आहे. धातू हलका खरा, पण लोखंडाइतकं बळ आणायला तो जाड ओतावा लागतो, आणि वर एक इंच व्यास वाढवला की बाजारातलं स्वस्त ओतीव अलॉय लोखंडी रिमच्या वजनाला सहज गाठतं. खरोखर हलकी असतात ती ठोकून घडवलेली, फोर्ज्ड चाकं. त्यांच्या किमती अलॉयरावांनी एकदाच पाहिल्या आहेत.

तरी स्वप्नात येतं ते तसलंच एक चाक: जपानच्या रेज कंपनीचं टीई३७. सहा आऱ्यांचं, १९९६ साली आलेलं. नावातले ३७ म्हणजे १५ इंची चाकाचं वजन ३.७ किलो. त्याच्या नकला जगभर निघाल्या, आणि जगात कुर्ल्याचा सीएसटी रोडही येतो. मुंबईतल्या मेहुण्याकडे श्रीखंड पोचवण्याच्या निमित्ताने अलॉयराव तिथे जाऊन येतात. दुकानाच्या छताला टांगलेलं सहा आऱ्यांचं चाक ते दोन्ही हातांनी खाली घेतात आणि त्यांच्या कमरेला लगेच कळतं की हे ३.७ किलो नव्हे. ते चाक उलटं करतात. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची ओतीव अक्षरं किंवा आपल्याकडचं आयएसआयचं चिन्ह आहे का, हे बघायचं असतं. चाक गोल गोल वाकवून, दाबून, वरून वजन आदळून तपासलंय, एवढाच त्याचा अर्थ. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक किमतीचं लेबल शोधतंय. तो पाचशे रुपये कमी करतो.

पुण्यात नाना पेठेत अनुभव निराळा. तिथला पोऱ्या थेट मुद्द्यावर येतो. “दादा, सतरा टाका. पंधरा आता कोण घेतंय?”

या सतरानेच अलॉयरावांची झोप उडवलेली असते. रात्री बसून त्यांनी केलेला हिशोब मात्र मानायला हवा. १६५/८० आर १४ या मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६१९.६ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ चा ६२१.५, १९५/५५ आर १६ चा ६२०.९, २०५/४५ आर १७ चा ६१६.३. म्हणजे चाक मोठं झालं तरी टायरसकट उंची होती तेवढीच राहते. स्पीडोमीटर खोटं बोलू नये म्हणून ती ठेवावीच लागते. वाढते ती धातूची थाळी, घटतं ते रबर. रिम आणि रस्ता यांच्या मध्ये १४ ला १३२ मिलिमीटर रबर होतं. १५ ला १२०, १६ ला १०७, १७ ला जेमतेम ९२. पोऱ्याचं ऐकलं तर चार सेंटिमीटर रबर गेलं, आणि तेही सिंहगड रस्ता ते हिंजवडी या मार्गावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरसाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असावा. अलॉयरावांच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे, तो सार्वजनिक मंडळाने एका रात्रीत घातलेला आहे. त्याला रुंदी नाही, नुसती उंची आहे.

मध्येच एक वकील मित्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढतो. कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलेलं आहे. अलॉयराव दोन दिवस गप्प असतात. तिसऱ्या दिवशी ते जाहीर करतात की सर्व बाजूंनी विचार करता १५ इंच, १८५/६५ हाच योग्य निर्णय आहे: त्याच मॉडेलच्या झेडएक्सआयला कंपनीने स्वतः दिलेला आकार. पाच महिन्यांच्या संशोधनाअंती ते शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये पोचलेले असतात. हे कुणी बोलून दाखवत नाही, कारण नवे टायर धरून खर्च वरच्या मॉडेलच्या फरकाच्या बराच जवळ आलेला असतो.

चाकं बसवतानाही त्यांचा पाय निघत नाही. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१ मिलिमीटर असतं, म्हणजे कुठल्याही गाडीला चालावं असं; सुझुकीचा हब ५४.१. मधली पोकळी भरायला रिंग लागते, नाही तर एक्सप्रेसवेवर ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरू शकतं. “रिंग कशाला, बोल्ट धरतात ना दादा,” असं टायरवाला म्हणतो. अलॉयराव खिशातून चार रिंगा काढतात. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते पगारवाढीच्या दिवशीही नसतं.

आता अडचण एवढीच की गाडी चालवणाऱ्याला स्वतःची चाकं दिसत नाहीत. सगळ्या रस्त्याला दिसतात, फक्त मालकाला नाही. म्हणून अलॉयराव मॉलच्या काचांजवळून गाडी हळू नेतात, पार्क करून दहा पावलं गेल्यावर काही विसरल्यासारखे मागे वळतात, आणि बायकोला “तू चालव ना आज” असं म्हणून स्वतः फुटपाथवर उभे राहतात. रविवारी जुन्या टूथब्रशने आऱ्यांमधली ब्रेकची काळी पूड निघते. दसऱ्याला झेंडूचा हार बॉनेटवर, पण हळदकुंकू चाकाला नको. डायमंड कटवर डाग पडतो म्हणे. आईने तरीही एक बोट लावलेलं असतंच.

जुलैत वारज्याच्या अलीकडे एक खड्डा पाण्याखाली असतो. आवाज ऐकूनच अलॉयरावांना कळतं. पुढचे चार दिवस डाव्या चाकाची हवा रोज सकाळी उतरते. टायरवाला साबणाचं पाणी मारतो. आतल्या कडेला केसाएवढी भेग. “आरगॉन वेल्डिंग मारून देतो, दिसणार पण नाही.” अलॉयरावांना वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद कशी जाते, हे पाठ आहे, ते नको म्हणतात. स्टेपनी चढते. तीन चाकं अलॉयची आणि एक काळी लोखंडी, अशी गाडी ऑफिसला जाऊ लागते. व्यासात दोन मिलिमीटरचासुद्धा फरक नाही, हे ते विचारणाऱ्याला सांगतात. वडील काही बोलत नाहीत. फक्त खाली उतरून एकदा गाडीला प्रदक्षिणा घालून येतात.

शनिवारी अलॉयराव नाना पेठेत उभे.

“याचं एक सुटं चाक पाहिजे.”

पोऱ्या फोटो बघतो. “हे डिझाइन बंद झालं, दादा. आता सेटच घ्यावा लागेल.”

अलॉयराव थोडा वेळ भिंतीवरच्या चाकांकडे बघत राहतात. मग म्हणतात, “सोळामध्ये काय काय आहे?”