नानांची वसुली

"एनी क्वेश्चन्स?" गाइडनं विचारलं आणि व्हॅनमधले आम्ही सगळे लगबगीनं खिडकीबाहेर बघायला लागलो. शाळेत गुरुजी हाच प्रश्न विचारायचे तेव्हा बघायचो, अगदी तसेच. नाना मात्र गाइडकडेच बघत होते. त्यांनी हात वर केला नाही, कारण परवानगी मागणं स्वभावात नाही. सरळ म्हणाले, "नो क्वेश्चन. वन इन्फर्मेशन."

नानांना प्रश्न नसतातच, पुरवण्या असतात.

हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. नवीन फ्लॅट दाखवायला न्यावं, तर गॅलरीत उभा राहून "आमच्या मेव्हण्याची गॅलरी याच्या दीडपट" म्हणतो, तो हाच. स्वित्झर्लंडच्या धबधब्यासमोर उभा राहून "माळशेज पाहिलायत का पावसाळ्यात?" असं विचारतो, तोही हाच. तो कुठे बघायला जात नाही, ताडून बघायला जातो. गंमत म्हणजे घरी असताना हाच मनुष्य त्याच माळशेजला "काय तो रस्ता, काय ती घाण!" म्हणून नावं ठेवत असतो. 'आपल्याकडे' या शब्दाला अभिमानाचा सूर लागायला पासपोर्टवर शिक्का पडावा लागतो.

आमच्या वाट्याला आलेल्या नानांचं प्रकरण जरा जास्त गंभीर होतं. एक तर ते वसईचे. त्यातून एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. त्यामुळे पोर्तुगालात ते पर्यटक म्हणून आलेच नव्हते, थकबाकी वसूल करायला आले होते. खिशात छोटी डायरी. डाव्या पानावर रोजचा खर्च, युरोत आणि कंसात रुपयांत. उजव्या पानावर वर 'पोर्तुगाल – येणे' असं ठसठशीत लिहून खाली यादी. पहिली नोंद : वसई किल्ला व परिसर, १५३४ ते १७३९, २०५ वर्षांचं भाडं.

"पण नाना," मी म्हटलं, "वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांच्या फौजेनं त्यांच्या चर्चच्या घंटा आणल्या. एक मेणवलीच्या घाटावर टांगलीय, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. त्या वळत्या नको करायला?"

"ती जप्ती," नाना म्हणाले. "जप्ती वेगळी, वसुली वेगळी."

लिस्बनहून सिंत्रा तीसेक किलोमीटर. आठ पर्यटक, एक व्हॅन, आणि गाडीही चालवणारी, माहितीही देणारी एक पंचविशीची चुणचुणीत मुलगी. दिवसभरात सिंत्राचे राजवाडे, मग काबू दा रोकाचा समुद्रकडा, परतताना काशकाइश. नानांच्या भाषेत, 'अष्टविनायक एका दिवसात'.

पहिला मुक्काम पेना राजवाडा. डोंगराच्या अगदी टोकावर, खालच्या फाटकापासून चांगला चढ. वर नेणाऱ्या बसचं तिकीट वेगळं, म्हणून नाना म्हणाले, "आम्ही रायगड चढलेली माणसं." त्यांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, शांतपणे म्हणाल्या, "रोपवेनं." आम्ही बसनं गेलो.

धुकं बाजूला झालं आणि राजवाडा दिसला. अर्धा लालभडक, अर्धा पिवळाधमक. लाल भाग जुन्या मठाचा, पिवळा नवा, असं गाइड सांगत होती. नाना म्हणाले, "एसटीचा डेपो." काकू म्हणाल्या, "मला तर हळदीकुंकवाचा करंडा वाटतो." दोन्ही उपमा मला त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या माहितीपेक्षा अचूक वाटल्या. एका कमानीवर अर्धा माणूस, अर्धा मासा असा एक दाढीवाला राक्षस डोळे वटारून बसलेला. नानांनी त्याला कीर्तिमुखाच्या खात्यात टाकलं आणि पुढे गेले.

राजवाडा बांधला फर्नांदो दुसरा याने. राणी मारिया दुसरी हिचा हा नवरा, मूळचा जर्मन. "म्हणजे घरजावई," नानांनी गटाला मराठीत समजावलं. इथे पूर्वी मठ होता, १७५५ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, पुढे देशातले मठच बरखास्त झाले आणि १८३८ मध्ये फर्नांदोनं ही जागा लिलावात स्वतःच्या पैशानं घेतली, असं गाइड इंग्रजीत सांगत होती. लिलावाला मात्र तिच्या तोंडून पोर्तुगीज शब्द निघून गेला : लेइलाँव.

नाना थबकले. "काय म्हणाली ती?"

"लिलाव म्हणाली."

"आपला शब्द इथपर्यंत आला!" नानांनी डायरी काढली. शब्द कोणाकडून कोणाकडे गेला, हे मी त्यांना सांगितलं. हयातभर थकबाकीदारांच्या ट्रॅक्टरांचे लिलाव केलेला माणूस तो. डायरी न लिहिताच मिटली गेली.

पण गावातल्या जुन्या राजवाड्यात त्यांनी सगळी कसर भरून काढली. या वाड्याला दोन प्रचंड पांढऱ्या शंकूंसारखी धुराडी आहेत, तेहतीस मीटर उंच, लांबूनही ओळखू येतात. काकू त्यांच्याखालच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून वर बघत "धूर कसा सरळ जात असेल हो!" म्हणत राहिल्या. एका दालनाच्या छतावर चोचीत फीत धरलेले मॅगपाय पक्षी रंगवलेत, १३६. राजानं एका दासीचं चुंबन घेतलं, राणीनं ते पाहिलं, दरबारातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मग राजानं जितक्या बायका तितके बडबडे पक्षी छतावर काढून घेतले, अशी कथा. काकूंनी त्यावर नानांकडे पाहिलं. नाना छताकडे.

मग ती खोली आली. साधी, जवळजवळ रिकामी. जमिनीवरच्या फरशा एका पट्ट्यात झिजलेल्या. राजा आफोन्सू सहावा या खोलीत कैदेत होता, गाइड म्हणाली. धाकट्या भावानं त्याची सत्ता घेतली, त्याची बायकोही केली आणि १६७४ पासून १६८३ मध्ये मरेपर्यंत त्याला इथे ठेवलं. येरझारा घालून घालून फरशा झिजल्या असं सांगतात.

"वन मिनिट," नाना म्हणाले. या एका मिनिटासाठी ते वसईहून आले होते. "धिस किंग्ज सिस्टर. कॅथरीन. मॅरेज इन इंग्लंड. इन दॅट मॅरेज यू गेव्ह बॉम्बे."

खरंच होतं ते. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण गेली, तेव्हा गादीवर हाच होता आणि नवरी याचीच बहीण. गाइडला हे माहीत होतं, पण त्या खोलीत उभं राहून कुणी तिला हिशेब विचारला नसावा. "आणि १६७४!" नानांना आता इंग्रजी पुरेना. "ज्या साली रायगडावर महाराज सिंहासनावर बसले, त्या साली हा इथे आत बसला! लिहून घे पोरी!" मी भाषांतर केलं. आणि तिनं खरंच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मला वाटलं, आता नाना दिवसभर थांबत नाहीत. पण ते दोरीपाशी वाकून झिजलेल्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिले.

"नऊ वर्षं," ते मराठीत, स्वतःशीच म्हणाले. "एवढ्याशा खोलीत." आणि जरा वेळानं, "फरशी बदलून घ्यायला हवी होती."

रेगालेराबद्दल फार लिहीत नाही. कॉफी आणि जवाहिराच्या पैशावर गब्बर झालेल्या एका ब्राझिलात जन्मलेल्या गृहस्थाची ही बाग, आणि तिथे गोल जिन्यानं सत्तावीस मीटर खाली उतरणारी एक प्रसिद्ध विहीर. ती पाण्यासाठी खोदलेलीच नाही, गूढ दीक्षाविधींच्या कल्पनेतून बांधलेली. नानांनी लिंबची बारामोटेची विहीर पाहिलेली. खाली जाऊन ते वर ओरडले, "पाणी नाही!" आणि त्या विहिरीशी संबंध संपवला.

जेवणाच्या वेळी अडचण आली. गुरुवार होता. सिंत्राचं नाव ज्या मिठायांवर चालतं त्या केजादा आणि त्राव्हसेइरू, दोन्हींत अंडं. पोर्तुगालातल्या मिठायांत पिवळा बलक सढळ हातानं. जोगिणींच्या मठांत पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं, मग उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं, त्यातून हे गोड पदार्थ आले म्हणतात. "म्हणजे शिळ्या पोळीचा लाडू," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून ठेपले, लसणीची चटणी आणि पानात बांधलेली सुकेळी काढली. वसईची सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. ती एकदा हातात पडली की माणूस कुठल्याही देशाचा असो, दुसरं मागतो. गाइडनं तीन खाल्ली. काकूंनी चौथं तिच्या पर्समध्ये कोंबलं.

आणि मग, बाक सोडून निघताना, ती खिसे चाचपत स्वतःशी पुटपुटली : शाव्, शाव्... व्हॅनची किल्ली सापडेना.

"चावी," नाना म्हणाले, पण आता आवाज खाली आलेला. बिचारीला वाटलं नानांना पोर्तुगीज येतं. तिनं उत्साहानं बाकीचे शब्द मोजले, गोव्याच्या पर्यटकांकडून ऐकलेले : पाव, बटाटा, काजू, अननस. मी उगाच भर घातली, "आणि पगार. त्यांच्याकडे 'पागार' म्हणजे पैसे देणं."

"पगार?" नाना म्हणाले. चौतीस वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट पाहिली, तोसुद्धा यांचा. व्हॅनमध्ये त्यांनी उजवं पान उघडलं, मधोमध एक उभी रेघ मारली आणि रेघेपलीकडे काही न लिहिता पेन टोपणात घातलं.

सिंत्राच्या बाहेर कोलारेशच्या रस्त्यावर एक बंद फाटक लागतं. किंता दा पेन्या व्हेर्द. दों जुआंव द कास्त्रू याची ही वाडी. हा पुढे हिंदुस्थानात पोर्तुगीजांचा विसुरई झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. खाजगी मालमत्ता, आत जाता येत नाही, पण नानांच्या आग्रहाखातर मुलीनं गाडी बाजूला घेतली. नाना तयारी करून आले होते. सोमनाथ पाटणचा तेराव्या शतकातला एक संस्कृत शिलालेख, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळचा, समुद्र ओलांडून याच्या बागेत आला. अभ्यासक त्याला 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणतात. हे गाइडला नवीन होतं. बदल्यात तिनं सांगितलं ते नानांना नवीन होतं : १५४६ च्या वेढ्यानंतर दीवचा किल्ला पुन्हा उभारायला कास्त्रूकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यानं गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले.

"दाढी?" नानांचा कर्जअधिकारी जागा झाला. "मूल्यांकन कोणी केलं?"

गोव्याच्या लोकांनी पैसे दिले आणि दाढी सन्मानानं परत पाठवली, अशी कथा आहे, ती म्हणाली.

"तारण परत करून कर्ज?" नानांनी फाटकाकडे पाहून मान हलवली. "संचालकांचा मेव्हणा असणार."

काबू दा रोकाला उतरलो आणि वाऱ्यानं दारच हातातून हिसकावलं. युरोपच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात पश्चिमेचं टोक. खाली सुमारे १४० मीटर उभा कडा, तळाशी पांढरा फेस, पलीकडे अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी. दगडी स्तंभावर कामोंइश या कवीच्या महाकाव्यातली ओळ कोरलेली. हा कवीही गोव्यात राहून गेलेला. पण ते सांगायला गाइडला तोंड उघडता येईना. नाना कानटोपी दोन्ही हातांनी धरून कठड्याशी उभे होते. ओठ हलत होते. 'हरिहरेश्वर' असावं, किंवा 'रत्नदुर्ग'. सकाळपासून पहिल्यांदाच 'आपल्याकडे' म्हटलं गेलं आणि कुणाला ऐकू आलं नाही. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तोंड मिटलं आणि मग बाकीच्यांसारखेच नुसते बघत राहिले.

तिथल्या माहिती केंद्रात प्रमाणपत्र मिळतं : अमुक मनुष्य या टोकाला येऊन गेला. किंमत दहा युरोंच्या वर. मी म्हटलं, नाना, कागदाला एवढे पैसे? पण ज्याच्या दिवाणखान्यात 'उत्कृष्ट वसुली अधिकारी' फ्रेम करून लावलंय, त्याला हे विचारण्यात अर्थ नव्हता. सिंत्रा प्रशस्ती बघायला मिळाली नव्हती, निदान प्रशस्तिपत्र. नाव सांगताना स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिन्ही स्पेलिंगसकट झालं. खाली गावही लिहा, नाना म्हणाले. वसई.

टेबलामागच्या बाईला कळेना. "नियर बॉम्बे." तरी नाही. शेवटी नाना अनिच्छेनं म्हणाले, "बसीन."

मागून आमची गाइड पुढे आली. "बसाईं?" तिचे डोळे मोठे झाले. "तुम्ही बसाईंचे? आम्ही कॉलेजात शिकलो. उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं! सकाळपासून का नाही सांगितलंत?"

सकाळपासून त्यांनी निदान सात वेळा सांगितलं होतं.

काशकाइश आलं आणि गेलं. राजघराण्याचं उन्हाळी गाव, समुद्रानं कोरलेली कपार, बंदरातल्या होड्या. नानांनी काहीही ताडून पाहिलं नाही. प्रमाणपत्राची गुंडाळी मांडीवर. काकूंनी डायरी पुढे केली, "ते वरचे दहा-अकरा युरो लिहिलेत का?"

"कुठल्या बाजूला लिहायचे ते बघतो," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच, "ओळखलं हो तिनं. लगेच."

"ठिकाणच तसं आहे," मी म्हटलं.

नानांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत दोन-तीनदा पुटपुटले, "बसाईं. बसाईं." मग काकूंना म्हणाले, "शेवटी अनुनासिक आहे. नाकातून म्हणायचं."