आधी जागा, मग गाडी

टोकियोत गाडीवाचून कुणाचं अडत नाही. आम्ही राहतो त्या निशी-कासाईत भारतीय वाणसामानाची दुकानं पायी जाण्याच्या अंतरावर, आणि उरलेलं जग तोझाई लाईनवर. तरीही गाडी घ्यायची ठरली, कारण पुण्याहून आई-बाबा येणार होते. बाबांना फुजी पर्वत बघायचा होता आणि आईच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने बघायचे नव्हते.

"त्यात काय एवढं?" बाबा फोनवर म्हणाले. "पैसे टाकायचे, गाडी आणायची." बाबांनी जन्मात एकच गाडी घेतली, मारुती ८००. ती मुळात सुझुकीची आल्टो, म्हणजे जपानीच. पण सुझुकीने गाडी पाठवली, गाडीमागचे नियम पाठवायचे राहिले.

पहिला अडथळा लायसन्सचा. भारतीय लायसन्सचं आधी जपानी भाषांतर करून घ्यायचं. मग लायसन्स मिळाल्यावर आपण निदान तीन महिने भारतातच होतो, हे पासपोर्टातल्या शिक्क्यांनी सिद्ध करायचं. त्यानंतर लेखी परीक्षा. पूर्वी १० प्रश्न असत. ऑक्टोबर २०२५पासून ५० झाले आणि त्यांतले ४५ बरोबर यावे लागतात. शेवटी परीक्षा केंद्राच्या आवारातल्या रस्त्यांवर गाडी चालवून दाखवायची.

"चालवणं फारसं बघत नाहीत," सोलापूरचे काका म्हणाले. काका आमच्याच इमारतीतले, जपानात केस पिकवलेले. "बघता कुठं, ते बघतात."

गाडीत बसण्याआधी पुढे-मागे वाकून बघायचं. वळताना नुसता आरसा पुरत नाही, मान वळवायची. आणि ती वळली हे शेजारी बसलेल्या परीक्षकाला दिसायला हवं. रेल्वेचं फाटक सताड उघडं असलं तरी आधी पूर्ण थांबायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, मगच रूळ ओलांडायचे. हॉर्नला तर हातच लावायचा नाही. तो संकटासाठी किंवा जिथे तशी पाटी असेल तिथेच. लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे मुकाभिनय. बायको मात्र पहिल्या फटक्यात पास झाली. ती लहानपणी भरतनाट्यम शिकली आहे. तिने प्रत्येक वळणावर आधी डोळे, मग मान, मग खांदा असं काही वळवलं की परीक्षक बघतच राहिले. तेव्हापासून घरात गाडीविषयी शेवटचा शब्द तिचाच.

मग जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो. रांगेत पहिलीच दिसली वॅगन आर! परमुलखात शाळेतला मित्र भेटावा तसा आनंद झाला. पण हा मित्र इथे पिवळ्या पाटीचा होता. जपानात ६६० सीसीच्या आतल्या, ३.४ मीटरहून लांब नसलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. त्यांना कर कमी, कागदपत्रं कमी. आम्ही खूश. विक्रेत्याने विचारलं, माणसं किती? आम्ही दोघं, आई-बाबा आणि तीन वर्षांची लेक.

"ही चौघांची," तो नम्रपणे म्हणाला.

"लेक आजीच्या मांडीवर बसेल."

त्याचा चेहरा पडला. सहा वर्षांखालच्या मुलाला गाडीत वेगळी खुर्ची बांधावी लागते, मांडी चालत नाही. ज्या देशाने वॅगन आर बनवली, त्या देशाला तिच्यात किती माणसं मावतात हे अजून कळलेलं नाही.

तेव्हा पांढऱ्या पाटीची पाच जणांची होंडा फिट बघितली. आपल्याकडे हीच 'जॅझ' नावाने विकली गेली. पुण्यात जुनी गाडी विकणारा 'डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हँड' इथून सुरू होतो. या गृहस्थाने सुरुवातच गाडीच्या दोषांपासून केली. मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवला, दाराशेजारची टाचणीएवढी खोच दाखवली आणि दोन्हींबद्दल क्षमा मागितली. मला घासाघीस करायची होती, पण माझे सगळे मुद्दे त्यानेच मांडून टाकलेले. किमतीत कर, सक्तीचा विमा आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीचा हिशेब होता. शिवाय गाडी भंगारात जाईल तेव्हाच्या विल्हेवाटीचं शुल्कही. बारशालाच तेराव्याचे पैसे भरून आम्ही मोकळे झालो.

"आता गाडी न्यायची ना?" मी विचारलं.

"आता जागा," तो म्हणाला.

१९६२च्या कायद्याप्रमाणे घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायची जागा आहे, असा पोलिसांचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी आपल्या नावावर होत नाही. जागामालकाचं संमतीपत्र आणायचं. घरापासून त्या जागेपर्यंतचा नकाशा काढायचा. जागेची लांबी-रुंदी आणि समोरचा रस्ता किती मीटरचा, तेही लिहायचं. मी रविवारी सकाळी टेप घेऊन रस्ता मोजत होतो, तेव्हा एक आजोबा आपणहून दुसरं टोक धरायला आले. पुण्यात सदाशिव पेठेत रस्ता मोजायला लागलो असतो, तर रुंदीकरणाच्या भीतीने मोर्चा आला असता.

कागदांवर सही चालेना, शिक्का हवा. तोही वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला. तो २५ मिलिमीटरच्या चौकोनात बसला पाहिजे. आमचं आडनाव जपानी लिपीत पसरलं की शेवटचं अक्षर चौकोनाबाहेर पाय काढायचं. शिक्के कोरणाऱ्या म्हाताऱ्याने ते दोन ओळींत दुमडून बसवलं.

गाडीचा नंबर हवा तो मागता येतो. मात्र शेवटी ४२ आणि ४९ आपणहून देत नाहीत, कारण त्यांच्या उच्चारात मरण ऐकू येतं. आपल्याकडे २१४मध्ये राम वाचणारी माणसं आहेत, त्यामुळे हे मला अजिबात विचित्र वाटलं नाही.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी आईने व्हिडिओवरून पूजा सांगितली. हळद, कुंकू, चाकाखाली लिंबू. विक्रेता हात जोडून शेजारी उभा. लिंबू चिरडल्यावर त्याने ते चिमट्याने उचललं आणि जाळायच्या कचऱ्यात टाकलं. मी ओशाळून स्पष्टीकरण द्यायला लागलो, तर तो म्हणाला की त्याने स्वतःची गाडी कावासाकी दाइशीला नेली होती. त्या देवळात गाड्यांच्या सुखरूप प्रवासासाठी खास प्रार्थनेची वास्तूच आहे. मग त्याने रस्त्यावर उतरून येणारी वाहतूक थांबवली, आम्हाला वाट करून दिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत कमरेत वाकून राहिला. बायको चालवत होती. मी मागे वळून वळून नमस्कार करत होतो.

आई-बाबा आल्यावर फुजीला गेलो, त्या दिवशी तो ढगांत होता. बाबा त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांनी दिवसभर फक्त पार्किंगच्या पांढऱ्या रेषा बघितल्या. "दोन रेषांच्या मधोमध," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सगळ्यांच्या!"

जपानला यायचा विचार असेल, तर जुने पासपोर्ट फेकू नका आणि गाडीच्या आधी जागा बघा; तिचं भाडंच महिन्याला हजारो येन पडतं. २०२५मध्ये महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीही पार्किंगच्या दाखल्याशिवाय गाडीची नोंदणी नको, असा विचार बोलून दाखवला होता. नियम उत्तम आहे, जरूर आणावा. फक्त मी पुण्याला परत येऊन गाडी घेतल्यानंतर.