इंटरव्हलपर्यंत ठीक

"इंटरव्हलपर्यंत ठीक आहे. सेकंड हाफ पडलाय."

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. ते बोलणारा माणूसही तुमच्या ओळखीचा आहे. कोणी काही विचारलेलं नसतं, तरी तो निकाल देऊन मोकळा होतो. आमच्या वाट्याला आलेला नग दर शनिवारी संध्याकाळी पनवेलला रोह्याच्या गाडीत चढतो, चपला काढतो, समोरच्या बाकावर पाय टाकतो आणि गाडी हलायच्या आत कोणा ना कोणा दिग्दर्शकाची दोन-अडीच वर्षांची मेहनत सहा शब्दांत निकालात काढतो.

मी पेणचा, नोकरी पनवेलला. हा नग म्हणजे भाऊ. ते रोह्याचे, आणि काम पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात. ते आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. पेणमध्ये आखणीवाल्याला मान असतो. साच्यातून मूर्ती काढणारे पुष्कळ, अंगाला रंग मारणारेही पुष्कळ, पण डोळा आखायचा तर हात पाहिजे. बुबुळ केसभर सरकलं तर बाप्पा रागावलेला दिसतो किंवा झोपाळलेला. भाऊ श्वास रोखतात, कुंचला टेकवतात, आणि एवढा वेळ शाडूचा गोळा असलेला गणपती एकदम तुमच्याकडे बघायला लागतो. तेवढा वेळ ते गप्प असतात. आठवड्यात त्यांचं तोंड बंद असण्याची तीच काय ती वेळ.

शनिवारी ते कारखान्यातून लवकर निघतात आणि उलट्या दिशेने पनवेल गाठतात. का, तर मल्टिप्लेक्स तिथे आहे. सिनेमा बघून परत रोह्याची गाडी. आपटा, जिते, हमरापूर, पेण. मी पेणला उतरेपर्यंत समीक्षा चालू. पुढे कासू आणि नागोठण्याच्या प्रवाशांचं काय होत असेल, ते त्यांच्या नशिबावर.

'ओपनहायमर' आला तेव्हा भाऊ फार चिडले होते. "अहो, बॉम्बचा पिक्चर म्हणून तिकीट काढलं. नुसती माणसं बोलतायत! खोलीत बोलतायत, मैदानात बोलतायत, घोड्यावर बसून बोलतायत. बॉम्बच नाही!"

"बॉम्ब नाही?" मी म्हटलं.

"फुटलाच नाही."

आता तीन तासांचा सिनेमा, साऱ्या जगाने डोळे दिपवून घेतलेला तो स्फोट, आणि हे म्हणतात फुटलाच नाही. मला वाटलं झोपले असतील. मल्टिप्लेक्सच्या खुर्च्या तशा मऊ असतात आणि एसीने भल्याभल्यांची टीका थंड पडते. मी सोडून दिलं. खरं म्हणजे तिथेच धरायला हवं होतं.

'बाईपण भारी देवा'ला गेले तर अख्ख्या थेटरात हे एकटे पुरुष. 2023चा पावसाळा आठवतो ना? बायका नऊवारी नेसून, नथी घालून, टेम्पो करून सिनेमाला येत होत्या. भाऊंच्या दोन्ही बाजूंना महिला मंडळं. उजवीकडच्या मंडळाने यांना चकल्या दिल्या, डावीकडच्याने "भाऊजी, जरा आमचा फोटो काढता का?" म्हणून सतरा फोटो काढायला लावले. निकाल? "चकल्यांपर्यंत उत्तम. सेकंड हाफ पडला."

सप्टेंबर 2025मध्ये 'दशावतार'. दिलीप प्रभावळकर 81व्या वर्षी कोकणच्या रानात राबले, बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. भाऊ म्हणाले, "माणूस नाही पडला. सेकंड हाफ पडला."

एकच माप हाती असलं की माणूस सगळं जग त्यानेच मोजतो. भाऊंच्या मते लग्न अक्षता पडेपर्यंत ठीक. हापूस मेच्या पंधरवड्यापर्यंत ठीक. गणपतीचं म्हणाल तर गौरी जाईपर्यंत बहार, पुढे अनंत चतुर्दशीपर्यंत सेकंड हाफ पडतो. स्वतः गणपती घडवणारा माणूस हे बोलतो! एकदा वडखळच्या वाहतूककोंडीत आम्ही एसटीत दीड तास अडकलो होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 साली सुरू झालं, ते तेव्हाही आपलं चालूच होतं. मी त्रासून म्हटलं, "भाऊ, याला काय म्हणाल?" त्यांनी खिडकीतून खड्डा नीट न्याहाळला. म्हणाले, "याचा इंटरव्हलच संपत नाही."

इतकंच काय, ते आपल्या गावालाही सोडत नाहीत. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथून पुढे कोकण रेल्वे. "म्हणजे बघा," ते म्हणतात, "आम्ही राहतो तेच इंटरव्हलमध्ये."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मी त्यांच्यावर विसंबून पैसे वाचवत होतो. भाऊ पडला म्हणाले की मी तिकीट काढत नसे. 'वाळवी' मी असाच सोडला. वर्षभराने घरी टीव्हीवर पाहिला, तर उत्तरार्धात मी सोफ्याच्या कडेवर येऊन बसलेलो. बायको म्हणाली, "तुमचे ते भाऊ काय बघून येतात?" सोमवारी मी जाब विचारला. तर म्हणे, "टीव्हीवर बरा वाटतो हो. पडद्यावर पडतो."

मग 'छावा' आला. फेब्रुवारी 2025. रायगड जिल्ह्यात तो सिनेमा म्हणजे घरचं कार्य. माणसं थेटरातून डोळे पुसत बाहेर पडत होती. भाऊ गाडीत आले, चपला काढल्या, पाय टाकले. मी दोन्ही हात जोडले. "भाऊ, निदान याला तरी नको."

"इंटरव्हलपर्यंत..." त्यांनी सुरुवात केली, मग माझा चेहरा बघून गप्प झाले आणि विषय बदलावा म्हणून तिकिटाच्या किमतीवर आले. "हे बघा, एवढे पैसे!" म्हणत मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी किंमत बघितली. वेळही बघितली. साडेपाचचा शो. सिनेमा दोन तास चाळीस मिनिटांचा. आमच्या गाडीने आपटा सोडलं होतं आणि आठ वाजायचे होते.

माझं गणित कच्चं आहे, पण इतकंही नाही.

बॉम्ब का फुटला नाही, ते मला जित्याला कळलं. हमरापूर येईपर्यंत आणखी दहा-बारा सिनेमांचा उलगडा झाला. हा माणूस इंटरव्हलला उठतो! बाकीचे समोसे घ्यायला बाहेर येतात आणि हा थेट स्टेशन गाठतो. कारण रोह्याला सोयीची हीच गाडी. म्हणजे इतकी वर्षं ज्या सेकंड हाफला या गृहस्थांनी फासावर चढवलं, तो त्यांनी जन्मात कधी पाहिलेला नाही. मला भयंकर राग आला. असे निकाल देणारे इतरही असतात म्हणा, आणि त्यांच्यातले काही पेपरात लिहितात. पण ते माझ्या समोर पाय टाकून बसत नाहीत.

तरी मी बोललो नाही. हा हिशेब गाडीत नव्हे, रोह्यालाच जाऊन चुकता करायचा, असं ठरवलं. धावीर महाराजांच्या पालखीला या, म्हणून ते दर वर्षी बोलावतच असत. दसऱ्यानंतर पालखी निघते, पोलीस महाराजांना बंदुकीची सलामी देतात, सारा रोहा रस्त्यावर असतो. त्या वर्षी गेलो. (पालखीला मात्र भाऊ सेकंड हाफ लावत नाहीत. विचारलं तर कानाला हात लावतात.)

दर्शन झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. कौलारू घर, ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर त्यांची आई. नव्वदीला टेकलेल्या. गुडघे गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. भाऊ पोहे टाकायला आत गेले आणि काकींनी मला जवळ बोलावलं.

"तुम्ही गाडीतले ना? पिक्चरवाले?"

"पिक्चरवाला तो तुमचा मुलगा," मी म्हटलं. "मी नुसता ऐकतो."

"मग तुम्हाला पण सांगतो होय? मला शनिवारी आल्या आल्या सांगतो. जेवायची थांबलेली असते मी. ताटावर बसला की सुरू. आमटी संपेपर्यंत अर्धा, आणि ताकभाताला पुढचा."

पुढचा? माझे कान टवकारले. "पुढचा पण सांगतात?"

"तर! तो 'श्वास' नव्हता का, पोराचे डोळे काढायचे म्हणत होते? आजोबाने ऐकलं नाही. डॉक्टरने अमेरिकेहून थेंब मागवले. बरा झाला पोरगा." काकींनी समाधानाने पाय हलवून झोपाळ्याला झोका दिला. "आणि तो नट म्हातारा, नाना पाटेकर झालेला. मुलगी पाया पडून घरी घेऊन गेली त्याला. आता नातीला नाटक शिकवतो."

मी आत बघितलं. भाऊ पाठमोरे, कांदा चिरत होते. सुरी थांबली होती.

"ती आर्ची माहितीये का तुम्हाला? मोठ्या घरची. पळून गेली. मला तर घोर लागला होता. पण भाऊ आला हो शेवटी! माहेरचा आहेर घेऊन आला. तिने चहा केला, सगळ्यांनी चहा घेतला. पोराला मांडीवर घेतलं मामाने. मग गेले आपले."

'सैराट' आला त्या उन्हाळ्यात त्याचा शेवट दिव्यापासून रोह्यापर्यंत डब्याडब्याला पाठ होता. अर्धा सिनेमा बघणाऱ्यालाही तो चुकवता आला नसता. चहा खरा आहे. आर्ची चहा करते, तिचा भाऊ आणि त्याच्याबरोबर आलेले तो घेतात. चहापर्यंत सगळं खरं आहे.

"आणि 'छावा'?" मी न राहवून विचारलं. इतिहासाला थेंब घालता येत नाहीत.

"तिथे संगमेश्वरला लाइट गेली म्हणे थेटरातली," काकी म्हणाल्या. "तिकिटाचे अर्धे पैसे परत दिले."

पोहे आले. वर ओलं खोबरं, शेजारी भाजलेला पोह्याचा पापड. भाऊ माझ्याकडे न बघता समोर बसले. मी त्यांच्यासाठी कितीतरी दिवस जपून ठेवलेलं भाषण पोह्यांबरोबर गिळत होतो.

"लहानपणी हा भारी रडका," काकी सांगू लागल्या. "गणपतीत पडद्यावरचा सिनेमा यायचा, मैदानात. पुढे जागा नसली की आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. सगळं उलटं दिसायचं, सगळे डाव्या हाताने मारायचे. पण पडद्यावर कोणी मेलं की याला रात्री ताप. मग रीळ बदलायला थांबले की मी याला कडेवर घ्यायचे आणि घरी यायचे. पुढचं रस्त्याने मीच सांगायचे याला."

"तुम्ही बघितलेला असायचा?"

"मी कुठून बघणार?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून असं काही हसल्या की मला पुढचं विचारवेना. मग पापडाचा तुकडा मोडता मोडता त्यांनीच विचारलं, "तुम्ही शेवटपर्यंत बघता ना? त्या आर्चीचं असंच होतं ना सगळं?"

सुरीसारखा प्रश्न. भाऊंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे... तसंच. चहा वगैरे... घेतात. सगळे. अगदी तसंच, काकी."

आवाज मध्येच बसला. मी घाईघाईने पाणी प्यायलो.

भाऊ स्टेशनपर्यंत सोडायला आले. पालखीच्या गर्दीतून वाट काढत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "'शोले'चा खरा शेवट माहीत आहे तुम्हाला? ठाकूर गब्बरला मारतो. तसाच काढला होता. आणीबाणीतल्या सेन्सॉरने हरकत घेतली, म्हणून पोलीस आणून गब्बरला त्यांच्या ताब्यात दिला. आणि ती सुरुवातीची रेल्वे ना, ती आपल्या पनवेलजवळच काढलीय."

"माहीत आहे. त्याचं काय?"

"काय नाही. सेन्सॉरला चालतं, म्हटलं."

गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसलो. भाऊ फलाटावर उभे. मला काहीतरी बोलायचं होतं, पण काय ते नक्की होईना. शेवटी नुसतं म्हटलं, "पोहे छान होते, भाऊ."

"काम पण बरं केलंत तुम्ही," ते म्हणाले. "पोह्यांपर्यंत ठीक होतात."

गाडी हलली. ते दोन पावलं बरोबर चालले.

"सेकंड हाफला पडलात."