आईचं माहेरचं आडनाव

पासवर्ड विसरलेल्या माणसाची ओळख पटवायला कॉम्प्युटर जे प्रश्न विचारतो, ते ज्यानं कुणी काढले असतील तो गृहस्थ शिरोळला कधी फिरकलेला नाही, हे नक्की. ‘तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?’ म्हणे, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं! आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय माहेर कुरुंदवाडचं की नदीपलीकडचं, लग्नात मानपानावरून कोण रुसलं होतं आणि त्याची समजूत कुणी काढली, हेही ठाऊक असतं. ‘तुमची पहिली शाळा कोणती?’ मुलगा असेल तर कुमार विद्या मंदिर आणि मुलगी असेल तर कन्या विद्या मंदिर. एवढ्यावर अर्ध्या तालुक्याची खाती उघडतील. ‘पाळीव प्राण्याचं नाव?’ म्हशीचं नाव डेअरीच्या रांगेतल्या प्रत्येकाला पाठ असतं. तिला फॅट किती लागते आणि ती कधी व्यायची आहे, यासकट.

गाव चालतं ते ओळखीवर. परगावाहून आलेलं पोरगं पारावर टेकलं की कुणीतरी विचारतंच, ‘‘कुणाचा रं तू?’’ पोरानं आज्याचं नाव सांगितलं की काम झालं. यूजरनेम, पासवर्ड आणि ओटीपी, तिन्ही त्यात आले. पोराला चहा मिळतो आणि आज्याच्या दोन भानगडीही ऐकायला मिळतात.

अशा गावात आमच्या शेजारचे अण्णा राहतात. साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते, आता निवृत्त. टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर काकूंनी विणलेलं झाकण. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि त्यानंतर गल्लोगल्ली कॉम्प्युटर जाणणाऱ्या पोरांना सुगीचे दिवस आले. त्यातलाच एक अण्णांकडे आला, पेन ड्राइव्ह लावला, दोन कप चहा प्याला आणि विंडोज ११ घालून गेला. पडदा झकपक झाला. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण मधोमध येऊन बसलं. ‘‘ह्येला मधी कुणी बोलीवलंय?’’ एवढीच काय ती अण्णांची तक्रार होती.

खरी तक्रार दुसऱ्या दिवशी निघाली. लाइटबिल भरायला बसले, तर तिथं नाव आणि पासवर्ड या दोन्ही चौकटी कोऱ्या. सातबारा बघायला गेले, तीच गत. रेल्वे, पेन्शन, बँक, सगळीकडे तेच. एरवी टिचकी मारली की दार उघडायचं. आता प्रत्येक दारात कोरी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी उभी रेघ. अण्णा पडद्याला म्हणाले, ‘‘आरं, काल सांच्याला आत हुतो की मी! लगीच इसारलास व्हय?’’

मला बोलावणं आलं तेव्हा अण्णा ‘पासवर्ड विसरलात का?’ या वाटेनं बरेच पुढं जाऊन परत आले होते. ती वाट अशी आहे: नवा पासवर्ड हवा तर ईमेल बघा. ईमेल उघडायचा तर त्याचा पासवर्ड द्या. तो आठवत नसेल तर मोबाइलवर आलेला ओटीपी घाला. आणि मोबाइल नंबर जोडलेला आहे थोरल्या चिरंजीवांचा. म्हणजे माणूस शिरोळात, ओटीपी हिंजवडीत आणि चिरंजीव मीटिंगमध्ये. मीटिंग संपवून त्यानं आकडा कळवेपर्यंत आकड्याची मुदत संपलेली असे.

अण्णांचं म्हणणं, यंत्र विसरलं. यंत्राची बाजू थोडी वेगळी होती. ब्राउझर आपले पासवर्ड साध्या यादीसारखे लिहून ठेवत नाही, कुलपात ठेवतो. क्रोम आणि एज यांची कुलपं विंडोजमधल्या तुमच्या खात्याशी बांधलेली असतात. तेच खातं राहिलं तर अपग्रेडनंतरही सगळं जागच्या जागी सापडतं. पण विंडोज कोरं करकरीत बसवलं, किंवा खात्याचा पासवर्ड बाहेरून कुणी परस्पर बदलून टाकला, तर जुनी कुलपं नव्या खात्याला दाद देत नाहीत. पासवर्ड असतात तिथंच, फक्त मागणारा माणूस ओळखीचा नसतो. अण्णांच्या बाबतीत हेच झालं होतं. पोरानं जुन्यावर नवं न चढवता सगळं नव्यानं बसवलं होतं आणि त्यात अण्णांचं खातंही नवं कोरं काढलं होतं. यंत्राच्या लेखी अण्णा हे गावात आजच आलेले पाहुणे होते.

नशीब इतकंच की अण्णा वापरत होते फायरफॉक्स, ज्याचं कुलूप विंडोजच्या खात्याशी बांधलेलं नसतं, आणि पोरानं डिस्क पुसली नव्हती. अशा वेळी विंडोज जुनं सामान ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात टाकून ठेवतं. हे फोल्डर कायमचं नसतं, साधारण दहा दिवसांनी आपोआप साफ होतं. म्हणून अशा घरी आधी पोचावं आणि चहा नंतर घ्यावा. त्या फोल्डरात यूजर्स, त्यात अण्णांचं जुनं खातं, त्यात ॲपडेटा, जे लपवलेलं असतं आणि ‘लपवलेलं दाखव’ असं सांगितल्याशिवाय दिसत नाही, मग रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स. इतक्या चौकटी ओलांडल्यावर दोन फायली भेटल्या. ‘लॉगिन्स डॉट जेसन’मध्ये कुलूपबंद पासवर्ड आणि ‘की फोर डॉट डीबी’मध्ये त्यांची किल्ली. दोघींना एकत्रच उचलावं लागतं. एकटी आणून उपयोग नाही. नवा फायरफॉक्स आधी बंद करायचा, दोन्ही फायली त्याच्या नव्या प्रोफाइलमध्ये ठेवायच्या आणि पुन्हा उघडायचा.

उघडला, आणि अण्णांचे सगळे पासवर्ड ओळीनं उभे राहिले.

पासवर्डची यादी हे माणसाचं खरं आत्मचरित्र असतं, हे मला त्या दिवशी कळलं. बहुतेकांची सुरुवात दत्तानं होत होती. त्याला इलाज नाही. नृसिंहवाडी जवळ, शिरोळच्या साखर कारखान्याच्या नावात दत्त, घरात दत्ताची तसबीर. मग पासवर्डात दुसरं कोण येणार? कुणा चोरट्याला आमच्या तालुक्यात शिरकाव करायचा झाला, तर त्यानं गुरुदेवांचं नाव घेऊन पुढं एक-दोन-तीन म्हणावं. निम्मी कुलपं गळून पडतील. दत्ताखालोखाल मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल होतं. पहिल्या मोटारसायकलचा नंबर होता. कारखान्यातला हजेरीचा नंबर होता. आणि बँकेसारख्या मोलाच्या जागी होतं ‘चांदणी’.

काकू चष्मा लावून पाठीमागंच उभ्या होत्या. ‘‘चांदणी कशी आली हितं?’’

‘‘आगं, आपली म्हस. पंचवीस वर्सं झाली तिला जाऊन. कुणाच्या ध्यानात ऱ्हातीय?’’

‘‘म्हशीचं नाव हाय, पोरीचं हाय, गाडीचा नंबर हाय. माझं कुटं न्हाई ते!’’

अण्णा निवृत्त असले तरी हजरजबाबीपणा शाबूत होता. ‘‘तुझं नाव साऱ्या गावाला म्हाईत. ते घालून गुपित कसं ऱ्हाईल?’’

काकूंचं समाधान झालं नाही, पण मुद्दा बिनतोड होता. जिथं सगळ्यांना सगळं ठाऊक, तिथं गुपितासाठी नाव शोधायचं तर मेलेल्या म्हशीपर्यंत मागं जावं लागतं.

पासवर्ड नावाची ही पीडा फार जुनी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१च्या सुमारास फर्नांडो कोर्बाटो यांच्या मंडळींनी एकच कॉम्प्युटर पुष्कळांना वाटून वापरता येईल अशी यंत्रणा उभी केली. यंत्र एक आणि माणसं अनेक; एकाचं काम दुसऱ्यानं चाळू नये म्हणून प्रत्येकाला गुप्त शब्द दिला. लगेच १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. त्याला आठवड्याला चारच तास मिळत आणि काम मोठं होतं, म्हणून तो दुसऱ्यांच्या नावावर शिरून वेळ मिळवू लागला. पासवर्डच्या पाठोपाठ पासवर्डची चोरीही जन्माला आली, ती अशी. पुढं २००३ साली बिल बर या अमेरिकन अधिकाऱ्यानं मार्गदर्शक सूचना लिहिल्या: मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा, चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदल. जग त्या पाळत बसलं. निवृत्त झाल्यावर, २०१७मध्ये, त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच सांगण्याचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी तिथल्या मानक संस्थेनं नियम फिरवले: लांबलचक, आठवेल असा शब्दसमूह चालेल आणि उगाच दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती नको. आमच्याकडे ही बातमी अजून सगळ्या कचेऱ्यांपर्यंत पोचलेली नाही. अण्णांच्या यादीत एकाच जागेसाठी दत्त एक, दत्त दोन करत दत्त नऊपर्यंत अवतार झालेले मी पाहिले.

आता बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर उघडणारी ‘पासकी’ आली आहे. ती चांगली आहे. फक्त आमच्या भागात ठसा ही वस्तू गृहीत धरता येत नाही. जन्मभर उसाच्या पाचटात वावरलेल्या बोटांवरच्या रेघा पुसट होतात. रेशनच्या मशिनवर अंगठा उमटेना म्हणून पुन्हा पुन्हा दाबणाऱ्या आज्या कुणी पाहिल्या नाहीत? निवृत्तांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो ‘जीवन प्रमाण’नं घरबसल्या देता येतो, पण त्यालाही बोट, डोळा किंवा चेहरा पटवावा लागतो. समोर उभा असलेला माणूस स्वतःच्या जिवंतपणाची खात्री पटवतो आहे, हे दृश्य गावाला अजून पचलेलं नाही.

मात्र या प्रकरणातली एक गोष्ट शिरोळकरांना निराळी शिकवावी लागू नये. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही महापूर या तालुक्यानं अंगावर घेतले आहेत. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती निघतंय, राजापूर बंधाऱ्याची पातळी काय, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. आकडे वाढू लागले की कुणी पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघत नाही. जनावरं आधी हलतात, धान्य माळ्यावर चढतं, सातबारा, रेशनकार्ड आणि पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बरोबर निघतात. अपग्रेडचंही तेच आहे, आणि त्याची सूचना तर महिनोन् महिने आधी पडद्यावर नाचत असते. ब्राउझरमध्ये पासवर्ड बाहेर काढून घ्यायची सोय असते. ती यादी आधी पेन ड्राइव्हवर घ्यावी, नव्या घरात चढवावी आणि मग न विसरता पुसून टाकावी, कारण ती उघड्या अक्षरांत असते. नाहीतर ब्राउझरला आपल्या ऑनलाइन खात्याशी जोडून ठेवावं. मग यंत्र बदललं तरी त्या एका खात्यात शिरलं की बाकीचे मागून येतात. मात्र त्या एका खात्याचा पासवर्ड कुठंतरी लिहिलेला हवा.

‘‘कुठंतरी म्हंजी?’’ अण्णांनी विचारलं. त्यांची आजवरची पद्धत कालनिर्णयच्या कडेला लिहायची. ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’ आणि ‘ईमेल बदलला, दत्त सात’, हे सगळं एकाच पानावर. डिसेंबर संपला की कालनिर्णय उतरायचं, आणि दत्त सात नातवाच्या वहीला कव्हर म्हणून शाळेत जायचा. पासवर्ड कागदावर लिहू नये असा एक जुना दरारा आहे. पण सुरक्षेच्या क्षेत्रातला ब्रूस श्नायरसारखा जाणता माणूसही २००५पासून सांगत आला की भक्कम पासवर्ड ठेवा, कागदावर लिहा आणि पैशांच्या पाकिटात जपा. अण्णांची बँक फोडणारा चोर शिरोळात येऊन, कपाट उचकटून वही शोधत नसतो, तो दूर कुठंतरी बसून ‘दत्त एक-दोन-तीन’ टाकून बघत असतो. तेव्हा वही करावी, चांगली कापडी पुठ्ठ्याची, आणि कालनिर्णयपासून लांब ठेवावी.

मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. गुपित एकट्याच्या डोक्यात राहिलं तर ते त्या डोक्याबरोबरच संपतं. जमिनीला वारस लागतात, तलाठ्याकडे फेरफार होतो, बँकेत नॉमिनी असतो. ईमेलला कोण? गूगलनं २०१३पासून आणि ॲपलनं २०२१पासून अशी सोय ठेवली आहे की आपल्यामागं खातं कुणी बघावं ते आधी सांगून ठेवता येतं. सगळ्या गावाला सगळं ठाऊक असणं हे एक टोक, आणि कुणालाच काही ठाऊक नसणं हे दुसरं. मध्ये कुठंतरी निदान एक माणूस असावा, ज्याच्यापुढं ओळख पटवावी लागत नाही.

अण्णांना हे पटलं. त्यांनी वही आणवली, टाइम ऑफिसच्या वळणदार अक्षरात सगळे पासवर्ड लिहून काढले, त्यातले तीन-चार माझ्यासमोर बदलले, आणि बदलताना सवयीप्रमाणं प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं. पलीकडच्या घरातला रेडिओ तेवढ्यापुरता हळू झाल्याचा मला भास झाला. मग वही काकूंच्या हाती देत ते म्हणाले, ‘‘घे, माझं समदं आता तुझ्याजवळ. तुझ्या मोबाइलचा पिन काय हाय ते बी लिव की ह्यात.’’

काकूंनी वही डब्यात घातली, डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

‘‘तुमास्नी कशाला पायजे?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी मोठ्यानं म्हणताय.’’