विषयाला सोडून

सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या कवितेच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर विषय पडतो. पेडण्याच्या घरात मी तेव्हा चहा गाळत असते. नवरा विचारतो, “आज कितें विशय?” ‘उंबरठा, अष्टाक्षरी, बारा ओळी, मुदत रात्री नऊ,’ असे काही मी सांगितले की तो वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. त्या दिवशी आमटीत मीठ किती पडेल याचा भरवसा नसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

तसे पाहिले तर 31 वर्षे मीच विषय देत आले. डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझी आई’, ‘मी पाहिलेली जत्रा’, दहा ओळी, वेळ अर्धा तास. पोरे पेन्सिलीचे टोक चावत छपराकडे बघत बसायची आणि मी ओरडायचे, छपरावर काय लिहिलेय? आता मी छपराकडे बघते. आमच्या माजघरावर एका रांगेत बावीस कौले आहेत.

समूहप्रमुख माझाच चौथीतला विद्यार्थी. डिचोलीत त्याचे गॅरेज आहे. दिवसभर इंजिने खोलतो आणि सोमवारी आम्हाला कामाला लावतो. मला अजून ‘बाई’च म्हणतो, पण मुदत संपल्यावर आलेली कविता बाईंचीही घेत नाही. हे मीच त्याला शिकवले असणार.

अक्षरछंद म्हणजे तसा गरिबाघरचा छंद. लघु-गुरूची भानगड नाही, अक्षरे मोजली की झाले. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार; छोट्यात आठ, आठ. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणून ‘प्रार्थना’ तीन आणि ‘मत्स्यगंधा’ चार. मी अंगठ्याने बोटांची पेरे मोजते. चार बोटांची पेरे बारा, म्हणजे अष्टाक्षरीची दीड ओळ एका हातावर मावते. एकदा केरीहून तेरेखोलला जाताना फेरीबोटीत अशीच पुटपुटत मोजत होते, तर शेजारच्या बाईने माशांची पिशवी अदबीने दूर सरकवली. उतरताना तिने हळूच विचारले, जप कुठल्या महाराजांनी दिला?

कविता टाकून मिनिट होत नाही तोच ‘अप्रतिम’ येते. चोवीस ओळी एका मिनिटात वाचून अप्रतिम ठरवणारे वाचक ज्ञानेश्वरांनाही लाभले नसतील. आमच्यात ‘अप्रतिम’ म्हणजे ‘पोचली’. ‘खूप छान’ म्हणजे थोडी नाराजी. नुसतेच जोडलेल्या हातांचे चित्र आले, तर कवितेचे बारावे झाले असे समजायचे. शिवाय दर आठवड्याला सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, उत्तेजनार्थ अशी सन्मानपत्रे निघतात, सोनेरी वेलबुट्टीत, आपल्या फोटोसकट. माझ्याकडे उत्तेजनार्थ 19 जमली होती.

माझा दीर कविता वाचत नाही, त्यामुळे तिच्या पावित्र्याबद्दल तो फार हळवा आहे. “वयनी, कविता आतून यावी लागते. ऑर्डर दिल्यावर येतो तो पाव,” असे तो एकदा म्हणाला. गोव्यात राहून हे बोलायचे म्हणजे कमाल. आमच्याकडे पदेर भोंगा वाजवत सायकलवरून स्वतःच दारात येतो. पाव न बोलावता येतो आणि कविता बोलावून येत नाही, हेच तर दुखणे आहे.

हाच दीर जत्रेत दहीकाल्याला पहाटेपर्यंत बसून राहतो. दशावतारात कुठली लिहिलेली संहिता असते? तोंडाला रंग फासता फासता आजचे आख्यान ठरते, कोण राजा, कोण राक्षस ते ठरते, आणि पुढचे बोलणे नट उभ्या उभ्या रचतात. राक्षसाला विषय मिळतो मध्यरात्री आणि मुदत तेव्हाच संपलेली असते. आणि नाव घेणे? मराठी बाईला आयुष्यातला पहिला विषय मिळतो भरल्या पंगतीत, हातात घास, सगळ्यांचे कान टवकारलेले. विषय एकच, नवरा. त्यातून जी तरली तिला अष्टाक्षरीचे काय भय! भोजराजाने अर्थहीन ओळ फेकायची आणि कालिदासाने तिला अर्थासकट श्लोकात बसवायचे, अशा समस्यापूर्तीच्या गोष्टी मी वर्गात किती रंगवून सांगितल्या. उर्दूवाल्यांच्या तरही मुशायऱ्यात तर ओळ आधीच वाटून दिलेली असते. अमेरिकेत मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने 2003 साली एप्रिलच्या तीस दिवसांत तीस कविता लिहायचे मनावर घेतले. आता दर एप्रिलला कितीतरी देशांतले लोक तसे लिहितात. एप्रिल निवडणाऱ्या बाईला सोलां सुकवायची नसणार.

दिराचे अगदीच चुकते असेही नाही. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते सोहिरोबानाथ आंबिये बांद्याचे कुलकर्णी. रानात फणस खात बसले असता नाथ भेटले, दप्तर सुटले आणि वाणी सुरू झाली, अशी आख्यायिका आहे. त्यांना ओळींची मर्यादा नव्हती की रात्री नऊची मुदत. पण फणस आम्हीही पुष्कळ खातो.

एकदा विषय पडला ‘लाल’. आम्ही पेडणेकरांनी कुंकू, जास्वंद आणि हरमलची मिरची लिहिली. डिचोलीकरांनी आपसात काही न ठरवता सगळ्यांनी धूळ लिहिली. खनिजाच्या ट्रकांची धूळ, वाळत घातलेल्या कपड्यांवरची, तुळशीवरची, भाताच्या लोंबीवरची. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि ट्रक अंगणात उभे राहिले. बँकेचे हप्ते मात्र चालूच. तेही कवितांत आले. समूहप्रमुखाच्या कवितेत बंद टिप्परच्या चाकाआड एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. मी ‘अप्रतिम’ लिहायला गेले आणि लिहवेना.

मला त्याचा चौथीतला निबंध आठवला. विषय होता ‘माझा आवडता प्राणी’. वर्गभर गायी आणि मांजरे, आणि याने लिहिला टिप्पर. त्याला सहा चाके असतात, तो डिझेल पितो, रात्री बाबा त्याला आंघोळ घालतात, चढणीवर तो दमला की त्याच्या नाकातून वाफ येते. मी लाल पेनने खाली शेरा मारला होता, ‘विषयाला सोडून’. दहापैकी तीन.

त्या संध्याकाळी त्याला फोन केला. निबंधाची आठवण काढली तर हसत म्हणाला, “तीन मार्क, बाई. तेही अक्षराचे.”

गेल्या सोमवारी विषय होता ‘समुद्र’. मी मांद्र्याच्या वाळूत जाऊन बसले, लाटा मोजल्या, पेरे मोजली. रात्री पावणेनऊला जी कविता उतरली ती सासूबाईंच्या खाऱ्या बांगड्यांच्या बरणीवर. ती बरणी कुणाला उघडू द्यायच्या, कुणाला नाही, पावसाळा किती लांबला की कितवा थर निघायचा, यातच अकरा ओळी गेल्या. समुद्र आला तो शेवटच्या ओळीत, मिठापुरता.

पाठवली. अप्रतिमांची रांग लागली. मग गॅरेजातून उत्तर आले, “सुंदर, बाई. पण विषयाला सोडून.”

बुधवारी सन्मानपत्र आले. उत्तेजनार्थ, विसावे.